आम्ही उकर्डे

माझं माहेरचं आडनाव उकर्डे. हे सांगितलं की समोरचा माणूस शहाणा असेल तर "हो का" म्हणून दुसरीकडे पाहतो, आणि नसेल तर "उकिरड्यावरून का?" असं विचारून हसतो. उत्तर 'हो' असंच आहे, पण ते त्याला अपेक्षित नसतं. मी हो म्हटलं की त्याचं हसू अर्ध्यात राहतं आणि मलाच त्याची कीव येते. आता सत्तरीच्या आसपास आल्यावर नातवंडांच्या फोनवर गमतीशीर आडनावांचे विनोद येतात. ती मला वाचून दाखवतात आणि त्यात कधीतरी आमचंही नाव असतं. मी चष्मा काढून पुसते आणि म्हणते, "पुढचं वाच."

जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभर आत आमचं गाव. अशा आडनावांची तिथं काही कमी नव्हती. डुकरे होते, त्यांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, अंडंसुद्धा शिजत नसे. आगलाव्यांचा म्हातारा इतका भित्रा की चूल नीट विझली का हे पाहायला जेवल्यावर पुन्हा उठून जाई. दहातोंडे गुरुजी आम्हाला शाळेत शिकवायचे आणि खडूनं जेवढं बोलायचे तेवढं तोंडानं कधी बोलले नाहीत. पोटफोड्यांचं म्हणणं असं, की त्यांच्या कोणा पूर्वजानं अडलेल्या म्हशीचं पोट फाडून रेडकू जिवंत काढलं होतं. म्हैस वाचली की नाही, हे मात्र ते सांगत नसत. या सगळ्यांची आडनावं ऐकून गावात कोणी हसत नसे. एकमेकांच्या बांधाला बांध असला की नावाचा अर्थ उरत नाही. हसणं सुरू झालं ते आम्ही शिकायला बाहेर पडलो तेव्हा, आणि सगळ्यांत जास्त ते सोसलं माझ्या थोरल्या भावानं.

आमचं घर लांबोडकं होतं. पुढं ओसरी, मग मधलं घर, मागं सैपाकघर, आणि त्याला लागून गोठा. मधल्या घराच्या भिंतीला कान लावला की गाईचं रवंथ ऐकू यायचं. सकाळी बाबा बैलांच्या अंगावर हात फिरवत त्यांच्याशी काहीबाही बोलत, ते माणसांशी बोलत त्यापेक्षा जास्त असे. दुपारची गाडी जऊळक्याला शिटी द्यायची, ती वारा असेल तर आमच्यापर्यंत यायची, आणि माय त्या शिटीवर भाकरीचा तवा ठेवायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा. थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. माय वाढताना कोणाला आणखी पाहिजे का हे विचारत नसे, ताटाकडे पाहून वाढत असे. चांगलं झालंय असं आम्ही कधी म्हटलं नाही, आणि आम्ही चांगले आहोत असं तिनं कधी म्हटलं नाही. मी मॅट्रिकला तालुक्यात मुलींमध्ये पहिली आले, तेव्हा माय शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं, "बरं," म्हणाली, आणि माझ्यापुढं शेंगांचं सूप सरकवलं.

मला वाटायचं, हा तिचा स्वभाव. पण गंगूआत्याचंही तसंच होतं. ही बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडंच राहत असे. कोणा बाळंतिणीकडं गेली तर पोराकडं पाहून, "काय व, काळंकुट्ट हाय हे," असं म्हणे आणि मगच मांडीवर घेई. आमच्या घरात लेकराचं कौतुक तोंडानं करायचं नाही, ही रीतच होती. तिचं कारण आत्याला ठाऊक होतं आणि ते तिनं मला एकदा निवडण-टिपण करताना सांगितलं.

"आपल्या खापरपंज्याच्या मायचे लेकरं जगत नव्हते," ती म्हणाली. "एक झालं का एक जाये. मंग हे झालं तवा तिनं त्याले सुपात घातलं अन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मांगं पाह्यलं नाई. ठरलेली बाई आली, तिनं उचललं, सगळ्याइले इचारलं, कोनाचं हाय? कोनीच आपलं म्हनलं नाई. मंग मूठभर ज्वारी देऊन तिच्यापासून इकत घेतलं. उकिरड्यावर सापडलेलं लेकरू, त्याच्यावर कोनाचा डोया? मरनाचाबी नाई. त्याचं नाव उकर्डा. तो लय जगला. त्याच्यावरून आपन उकर्डे."

"त्याच्या आधी आपलं आडनाव काय होतं?" मी विचारलं.

"त्याच्या आधी कोन जगलं?" आत्या म्हणाली आणि सूप पाखडू लागली.

माझ्या त्या थोरल्या भावानं, मधुकरदादानं, मात्र दुसरीच कथा आणली. तो अकोल्याला शिकला, तिथंच बँकेत लागला. हजेरीच्या वेळी, पगाराच्या वेळी, नव्या साहेबाशी ओळख करून देताना, दर वेळी तेच हसणं. एका सुट्टीत येऊन तो म्हणाला की उकर्डे हा शब्द मुळात 'उत्कर्ष' असावा, बोलण्यात झिजून तसा झाला. बाबा चिलीम भरत होते. ते म्हणाले, "उत्कर्ष असता तं एवढ्या दिसात कुठीतरी दिसला नसता का बापा?" दादाला ते लागलं. नंतर त्यानं आडनाव बदलायचंच ठरवलं. सरकारी गॅझेटात छापून येतं म्हणाला. नवं नाव जऊळकर. त्यावर बाबांना राग आला नाही, फक्त शंका आली. "जऊळकर? पन आपन जऊळक्याचे कुठी हाओत? तठी तं आपली गाडी थांबते." दादा अकोल्याला गेल्यापासून आमच्याशी 'मला, तुला' असं बोलायला लागला होता. त्या दिवशी तो चिडून पटकन म्हणाला, "तुमाले नाई समजाचं!" आणि त्याचं त्यालाच वाईट वाटल्यासारखं झालं.

त्याची बायको कुसुमवहिनी मानोऱ्याकडची. लग्नात उखाणा घेताना तिला स्वतःलाच हसू फुटलं होतं आणि उखाणा अर्धाच राहिला होता. मी तिच्या मागं-मागं असायची. तिचं पहिलं बाळ माहेरी झालं आणि आठवड्याच्या आत गेलं. दुसरं अकोल्याच्या दवाखान्यात झालं, ते रडलंच नाही. त्यानंतर वहिनी आमच्याकडं आली ती वेगळी बाई होती. काम सगळं करी. विचारलं तेवढंच बोले. डोळ्यात पाणी नसे. मायच्या बहिणी समाचाराला आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. दुःख त्यांचंच असल्यासारखं. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आत्या म्हणाली, माहेर नको, अकोलं नको, बाळंतपण इथंच होईल. वहिनीनं मान हलवली. कुठं व्हायचं याच्याशी तिचा संबंध नव्हता.

मुलगी झाली. ओल्या तुरीचे दिवस होते, घरात शेकोटीचा आणि बाळंतशेपांचा वास. मुलगी रडली, चांगली मोठ्यानं रडली. सुईणीनं तिला वहिनीपुढं धरलं तर वहिनीनं भिंतीकडं कूस बदलली. अंगावर पाजायला दिलं तर पाजी, पण पाजताना खिडकीकडं पाही. आत्यानं ठरवलं, बारसं करायचं नाही, नाव ठेवायचं नाही. आधी ते सुपाचं करायचं.

त्या वेळी आमच्या शेतात कापूस वेचायला इंदूबाई येई. बौद्धवाड्यातली, वहिनीच्याच वयाची, कडेवर सात-आठ महिन्यांचा मुलगा. कापूस मोजून झाल्यावर आत्यानं तिला अंगणात थांबवलं.

"इंदे, तुयाकडं एक काम होतं. कुसुमच्या पोरीले सुपात घालून ठेवतो. तू उचलजो."

इंदूबाईला आणखी सांगावं लागलं नाही. ती पदराला हात पुसत म्हणाली, "आत्याबाई, ते काम माया सासूच्या सासूनं केलं. आमी कोनी करत नाई आता."

"काम कायचं व त्याच्यात? लेकरू उचलाचं हाय."

"उकिरड्यावरून उचलाचं हाय. अन् आमालेच काहून बलावता? मरन इटाळ मानते म्हून नं? आमचा हात लागला का लेकराले ते शिवत नाई, असंच हाय नं?"

ती ठरलेली बाई कुठली असायची, हे आत्यानं मलाही कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. माय दारात उभी होती, ती पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिली. इंदूबाईनं मुलगा कडेवर नीट घेतला. "माया सासऱ्याचं नावबी उकर्डाच होतं," ती म्हणाली. "याचं नाव म्या सिद्धार्थ ठेवलं." मग बाजेवर पडलेल्या वहिनीकडं दारातून पाहत, जरा हळू आवाजात म्हणाली, "कुसुमबाईचं लेकरू मी घेईन. पन माया दारात आना, माया मांडीवर द्या. उकिरड्यावर मी येनार नाई."

जेवताना बाबांच्या कानावर ते घातलं तर ते म्हणाले, "बराबर बोलली थे." आत्या पुटपुटली की उकिरडा नाही तर नाही, परक्याचं दार तर आहे, चालेल.

दादा सुट्टीला आला तेव्हा त्याला कळलं. तो ओसरीवर उभा राहूनच बोलला. "मी हे नाव पुसून राह्यलो अन् तुमी माया लेकीले त्याच्यातच लोटून राह्यले? हे असं काही करसान तं मी अठी पाय ठेवनार नाई." आत्या म्हणाली, "दोन गेले तुये. तिसरंबी गॅझेटात छापतं का?" हे तिनं बोलायला नको होतं. दादा आत गेला, वहिनीला काय वाटतं ते विचारलं. वहिनी म्हणाली, "तुमी म्हनान तसं." मग आत्यानं विचारलं, तिलाही ती तेच म्हणाली. दादा अकोल्याला परत गेला आणि आम्ही ते केलं.

सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा निघालो. पुढं आत्या, मग बाळाला घेऊन वहिनी, मागं माय आणि मी. गावातून जाताना लोक बघत होते. बौद्धवाड्यात मी त्याआधी फक्त कडेकडेनं गेले होते. इंदूबाईचं घर लहान, शेणानं सारवलेलं, दाराशी निळं-पांढरं तोरण. ती उंबऱ्यात बसली होती, डोक्यावरून न्हालेली, स्वच्छ लुगडं नेसलेली. तिनं दोन्ही हात पुढं केले. वहिनीनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

आत्याच्या सांगण्याप्रमाणं इंदूबाईनं विचारलं, "कोनाची हाय हे पोरगी?"

"माई नाई," वहिनी म्हणाली.

आत्याला बरं वाटलं. असंच म्हणायचं असतं. तिनं ओच्यातली ज्वारी काढून इंदूबाईपुढं धरली. इंदूबाईनं दोन दाणे उचलले आणि बाळ वहिनीपुढं धरलं. "घ्या कुसुमबाई. लय जगीन."

वहिनीनं हात पुढं केले नाहीत. बाळ मधेच राहिलं, दोघींच्या मधल्या उन्हात. मी वहिनीच्या शेजारी होते, तिचा चेहरा मला दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं. "राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याकडंच राहू द्या."

"असं कसं?" इंदूबाई म्हणाली.

"माई नाई ते," वहिनी पुन्हा म्हणाली, आणि वळून चालू लागली. मागं पाहिलं नाही. आत्याला वाटलं, रीत आहे तशी करते आहे, घरी गेल्यावर घेईल. मायनं हात पुढं केला, तर इंदूबाई म्हणाली, "रडून राह्यली, उपाशी हाय. आधी पाजतो, मंग नेजा." आम्ही थांबलो. तिनं पाजलं. मग माय घरी गेली, वहिनीला विचारून आली. वहिनी गोठ्यात शेण भरत होती. तिनं मायला सांगितलं, "आनाल तं मी पाजनार नाई." आवाज चढवून नाही, दूध तापलं म्हणून सांगावं तसं.

ती राहिली. आधी संध्याकाळपर्यंत, मग सकाळपर्यंत, मग कोणी विचारेनासं झालं. मायनं वहिनीसाठी केलेले डिंकाचे लाडू फडक्यात बांधून माझ्याजवळ दिले, इंदूबाई दोघांना पाजते म्हणून. मी रोज सकाळी जायची. लाडू, कधी दूध, कधी तूप. इंदूबाईच्या घरात आवाज असायचा. सिद्धार्थ रांगत भांडी पाडायचा, इंदूबाई त्याला रागवायची आणि लगेच उचलून मुके घ्यायची. शेजारणी येऊन मुलीकडं पाहून मोठमोठ्यानं म्हणायच्या, "काय व नाक हाय पोरीचं! काय डोये हायत!" मी घाबरून इकडंतिकडं पाहायची. कोणाला काही होत नसे. इंदूबाई तिला सुजाता म्हणू लागली. माझ्यादेखत आमच्या घरातल्या लेकराला कोणीतरी नाव ठेवलं आणि मला ते घरी सांगावंसं वाटलं नाही. घरी कोणी विचारतही नव्हतं. आम्ही पाच माणसं एकमेकांना भाकरी वाढत होतो, बस.

गाव मात्र विचारत होतं. भावकीतले तिघं येऊन ओसरीवर बसले. पोरगी आणा, नाही तर लग्नकार्यात आमचं-तुमचं पाणी बंद. बाबांनी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "आना म्हनान तं कोनाच्या जीवावर आनू? मायच पाजत नाई." त्यातला एक म्हणाला, "बाटलीनं पाजा." बाबा म्हणाले, "अन् जगली नाई तं? तुमी येसान का पुराले?" चहा प्यायला नाही कोणी. त्याच आठवड्यात मला पाहायला वाशीमकडून पाहुणे यायचे होते, ते येत नाहीत असा निरोप आला. कारण सांगितलं नव्हतं, लागतही नव्हतं. मायनं पाहुण्यांसाठी वाळत घातलेल्या शेवया डब्यात भरून ठेवल्या. मी तिला मदत केली. मला वाईट वाटायला हवं होतं असं मला कळत होतं, पण आत शोधून पाहिलं तर काही सापडलं नाही. पुढं माझं लग्न झालं, बऱ्याच वर्षांनी, वाशीमला शिक्षिका झाल्यावर. सासरचं आडनाव सातपुते. सासऱ्यांना चार मुली आणि माझे हे एकटे. पण ते नंतरचं.

दादा पुन्हा आला. त्याला वाटेतच कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो घरात न येता थेट बौद्धवाड्यात गेला. मी तिथंच होते. तो दारापासून चार हातांवर थांबला. चपला काढल्या नाहीत. इंदूबाई मुलीला घेऊन बाहेर आली, तिनं तिचं तोंड त्याच्याकडं केलं. दादा पाहत राहिला. "पानी घ्या भाऊ," ती म्हणाली आणि मला तांब्या द्यायला सांगितला. अकोल्याला दादा कोणाच्याही हातचा चहा प्यायचा, बँकेतले सगळ्या जातीपातींचे मित्र त्याच्या खोलीवर जेवायचे, हे मी पाहिलेलं होतं. इथं गल्लीच्या तोंडाशी आमच्या भावकीतला एक म्हातारा काठी टेकून उभा होता. दादानं तांब्याला हात लावला, धरला, आणि परत माझ्याकडं दिला. "तहान नाई," तो म्हणाला. ऊन डोक्यावर होतं. त्यानं मुलीच्या पायाला बोट लावलं आणि तसाच स्टेशनाकडं चालू लागला. घरी आलाच नाही. दुपारच्या गाडीची शिटी झाली तेव्हा माय म्हणाली, "आज मधू येनार होता." मी सांगितलं, येऊन गेला. वहिनी तिथंच भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

दादाला मी कधी दोष दिला नाही. आता तो नाही. आयुष्यभर त्यानं माणसांना नीट वागवलं, आणि त्या तांब्याबद्दल तो माझ्याशी एकदाही बोलला नाही.

मग थंडी संपता संपता मुलीला ताप आला. इंदूबाईच्या नवऱ्यानं सायकलवर जऊळक्याला जाऊन डॉक्टर आणला, त्यानं पुड्या दिल्या, पण मुलगी अंगावर पिईना. इंदूबाईनं मला सांगितलं, "इमल, घरी जाऊन सांग. कुसुमबाईले सांग."

मी धावत आले. वहिनी सैपाकघरात तुरीची डाळ निवडत होती. माझा श्वास लागलेला पाहून तिनं विचारलं, "गेली का?"

गाडी गेली का, असं विचारतात तसं विचारलं. मी अजूनही कधीकधी झोपेतून जागी होते ती हे दोन शब्द ऐकून.

"नाई," मी म्हटलं. "ताप हाय. पीत नाई."

वहिनीनं आणखी दोनचार खडे काढले. मग डाळ परातीत तशीच ठेवली. उठून हात धुतले, पाय धुतले, पदर खोचला. "कोनावर गेली व ते?" तिनं विचारलं. तिनं पोटच्या मुलीला नीट पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, "तुमच्यावर. हनुवटी तुमची हाय." तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि निघाली. आत्या मागून ओरडली, डोक्यावर पदर घे, भावकी पाहते. तिनं घेतला नाही.

इंदूबाईच्या घरात शिरताना ती थांबली नाही. मुलीला घेतलं, ओलं फडकं कपाळावर ठेवलं आणि बसली. तिचं दूध आटलं होतं. इंदूबाई कापसाच्या बोळ्यानं दूध पिळून देई, वहिनी तोंड उघडून धरी. ताप उतरेपर्यंत ती तिथंच राहिली. तिथंच जेवली, इंदूबाईच्या चुलीवरची भाकर आणि पातळ वरण, एकाच परातीतून. भावकीला ते कळलं. बाबा चावडीसमोरून रोजच्यासारखे शेतात गेले आणि रोजच्यासारखे परत आले. मायनं माझ्याजवळ वहिनीची गोधडी आणि दोन लुगडी दिली. मी गेले की इंदूबाई काम करत असायची, वहिनी मुलीकडं बघत बसलेली असायची. एकदा इंदूबाई तिला म्हणाली, "ताप नसता आला तरी घेतली नसती का तुमी? घेतलीच असती." वहिनी म्हणाली, "नाई. तुमी होत्या म्हून टाकली." इंदूबाईनं चुलीत काडी सारली.

पुढचं थोडक्यात सांगते. दादाचं आडनाव गॅझेटात छापून आलं, तो जऊळकर झाला, आणि वहिनी मुलीला घेऊन अकोल्याला गेली. नाव सुजाताच राहिलं. ते दादानं बदललं नाही. भावकीचं पाणी काही वर्षं बंद होतं, मग बाबांच्या पुतण्यांच्या लग्नात ते आपोआप सुरू झालं. सुजाताच्या लग्नात इंदूबाई आली होती, सिद्धार्थ आला होता. कोणी हात धरून तिला पुढं बसवलं नाही, ती स्वतःच पहिल्या रांगेत जाऊन बसली. वहिनी अजून आहे. ऐंशीच्या पुढं गेली. कान गेले आहेत. मी गेले की माझी हनुवटी धरून मला सुजाता म्हणते, मग चूक कळली की नुसती पाहत राहते.

पण मला सांगायचं आहे ते ज्या दिवशी ती मुलीला घेऊन घरी परतली त्या दिवसाचं. दिवस मावळायला आला होता. गाई परतलेल्या, धारा काढायची वेळ. वहिनी अंगणात आली, माय गोठ्यातून बाहेर आली. मुलगी अशक्त झाली होती, पण डोळे उघडे होते. वहिनीनं तिला मायच्या हातात दिलं आणि सैपाकघरात गेली. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेली. मग आवाज आला. आधी मला तो माणसाचा वाटलाच नाही. वहिनी चुलीपुढं जमिनीवर बसून रडत होती. माहेरी गेलेल्या बाळाला हाका मारत होती, आणि अकोल्याच्या दवाखान्यात न रडलेल्या बाळाला हाका मारत होती. त्यांची नावं नव्हती. ती नुसतं, "माया राजा, माया राजा रे," असं म्हणत होती. शेजारपाजारच्या बाया अंगणात जमा झाल्या. आत्या आत जायला निघाली, तिच्या मागं दोघीतिघी निघाल्या, गप करायला, पाणी द्यायला.

बाबा धारेची चरवी हातात घेऊन गोठ्यातून आले. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि सैपाकघराच्या उंबऱ्यावर आडवे बसले, पाय एका चौकटीला, पाठ दुसऱ्या चौकटीला लावून. सुनेच्या दारात सासरा असा बसत नाही. आत्या म्हणाली, "सरक, मले जाऊ दे. कुसुम मरून जाईन रडून."

"नाई मरत," बाबा म्हणाले. "रडू दे तिले."

बाया उभ्या राहिल्या. अंगणात मायच्या हातातली मुलगीही रडू लागली. आतून वहिनीचा आवाज, बाहेरून तिचा. अंधार पडायला लागला तरी कोणी दिवा लावला नाही. शेवटी बाया एकेक करून घरी गेल्या, आणि बाबा तिथंच बसून राहिले.